भाड्याच्या शाखांचे देणे ताळेबंदात आणा

जून तिमाही संपली की बँकांचे निकाल वर्तमानपत्रांत पानभर छापून येऊ लागतात. सेबीच्या नियमाप्रमाणे ते ४५ दिवसांच्या आत जाहीर करावेच लागतात. वाचणारा निव्वळ नफा पाहतो, एनपीए पाहतो आणि पान उलटतो. माझी नोकरी बँकेच्या मुख्य कचेरीत, ताळेबंद विभागात झाली. त्यामुळे माझी नजर आधी खालच्या बारीक अक्षरांतल्या टिपांवर जाते. तिथे दर तिमाहीला एकच गोष्ट खटकते. बँकांच्या असंख्य शाखा भाड्याच्या जागेत आहेत, पण पुढची कित्येक वर्षे त्या जागांचे जे भाडे द्यायचे आहे, ते देणे म्हणून ताळेबंदात दिसतच नाही.

तिमाही हिशेब म्हणजे वर्षाच्या हिशेबाचा सरळ चौथा हिस्सा नव्हे. लेखामानक २५ प्रमाणे जो खर्च त्या तीन महिन्यांचा, तो त्याच तीन महिन्यांत धरायचा. निकाल बरा दिसावा म्हणून पुढे ढकलायचा नाही. तरीही बऱ्याच रकमा अंदाजाच्या असतात. ग्रॅच्युइटी-पेन्शनची तरतूद ॲक्चुअरीच्या आकड्यावरून होते, आयकर वर्षभराच्या अंदाजित दराने धरला जातो. कर्जे, ठेवी, व्याज हे सगळे कोअर बँकिंगमधून आपसूक येते. भाड्याचे तसे नसते. कुठे करार संपून वर्ष उलटलेले असते, नूतनीकरणाची फाइल विभागीय कचेरीत पडून असते, मालक वाढीव दर मागत असतो आणि शाखा जुन्याच दराने रक्कम जमा करत असते. या फरकाची तरतूद कुणी केली आणि कुणी नाही, हे आम्हाला फोन करकरून विचारावे लागे. ऑडिटरही तिमाहीला फक्त ‘लिमिटेड रिव्ह्यू’ करतात. त्यात भर चौकशीवर आणि आकड्यांच्या तुलनेवर असतो. प्रत्येक करार कुणी उघडून बघत नाही.

असा एक करार उघडून बघा. तालुक्याच्या गावी बाजारपेठेतली तळमजल्याची जागा. मुदत १५ वर्षे, दर पाच वर्षांनी भाडेवाढ. स्ट्राँगरूम मालकाने बँकेच्या नकाशाप्रमाणे बांधून द्यायची. मुदतीत मालकाला बँकेला काढता येणार नाही. बँकेला मात्र तीन महिन्यांची नोटीस देऊन जागा सोडता येईल. हे शेवटचे कलम फार महत्त्वाचे. बँकांना आजही लागू असलेले जुने लेखामानक १९ पुढच्या भाड्याची माहिती टिपेत मागते, पण अशा जागांच्या बाबतीत फक्त रद्द न करता येणाऱ्या करारांची. बँकेचा करार नोटिशीवर रद्द होतो, म्हणून तो त्या टिपेतूनही निसटतो. पण लॉकर बसवलेली, निम्म्या गावाची खाती असलेली शाखा तीन महिन्यांच्या नोटिशीवर कोण हलवते? जागा तांत्रिकदृष्ट्या सोडता येते का, एवढ्यावर नवे मानक, म्हणजे इंड एएस ११६, थांबत नाही. जागा मुदतभर ठेवली जाण्याची वाजवी खात्री आहे का, हे ते विचारते. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

आकड्यांत सांगतो. महिना एक लाख भाडे, मुदत पाच वर्षे, व्याजदर ९ टक्के धरू. एकूण ६० लाख द्यायचे आहेत. त्यांचे आजचे मूल्य सुमारे ४८.१७ लाख होते. नव्या पद्धतीत एवढे देणे एका बाजूला आणि जागा वापरण्याचा हक्क ही तेवढ्याच रकमेची मालमत्ता दुसऱ्या बाजूला येते. भाडेखर्चाची ओळ जाते, तिच्या जागी घसारा आणि व्याज येतात. पहिल्या तिमाहीत हा खर्च सुमारे ३.४८ लाख होतो. जुन्या पद्धतीत तो सरळ तीन लाख असतो. पुढे व्याज कमी होत जाते आणि शेवटच्या महिन्यात खर्च ८१ हजारांवर येतो. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे ६० लाखच. म्हणजे बँकेच्या खिशातून एक पैसाही जास्त जात नाही. फक्त देणे उघड दिसते.

इंड एएस ११६ हे मानक देशात १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. पुण्याच्या बजाज फायनान्ससारख्या मोठ्या वित्त कंपन्यांनी भाड्याच्या कचेऱ्या तेव्हाच ताळेबंदात घेतल्या. त्याच पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रला, आणि तिच्याप्रमाणे सगळ्याच बँकांना, ते लागू नाही. मुंबईच्या एचडीएफसी बँकेचे एडीआर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहेत. तिथल्या गुंतवणूकदारांसाठी ती अमेरिकी पद्धतीने जो वार्षिक हिशेब देते, त्यात शाखांचे भाडेकरार ताळेबंदावर असतात. आपल्याकडच्या हिशेबात नसतात. बँकेने कोणताही नियम मोडलेला नाही. नियमच दोन आहेत, आणि त्यातला अपुरा नियम आपल्या वाट्याला आला आहे.

बँकांनी इंड एएस, म्हणजे ११६ ज्यात मोडते तो नव्या लेखामानकांचा संच, १ एप्रिल २०१८ पासून स्वीकारावा असे २०१६ मध्ये ठरले होते. आधी ते एक वर्ष लांबले. मग २२ मार्च २०१९ रोजी, नवे लीज मानक अधिसूचित होण्याच्या आठ दिवस आधी, रिझर्व्ह बँकेने ते पुढील सूचनेपर्यंत स्थगित केले. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातल्या दुरुस्त्या सरकारकडे विचाराधीन आहेत, हे कारण दिले गेले. त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बँकेच्या ताळेबंदाचा नमुना ठरवून दिलेला आहे. बुडीत कर्जांसाठी अपेक्षित तोट्याची तरतूद करण्यावर रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये वेगळे चर्चापत्र काढले. तो विषय कायद्यासाठी खोळंबला नाही. मग भाडेकरारांचाच का खोळंबावा?

भांडवल लागेल, हा आक्षेप खरा आहे. बँकांच्या भांडवलाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बेसल समितीने जागा वापरण्याच्या अशा हक्काला १०० टक्के जोखीमभार लावायला सांगितले आहे. वरच्या उदाहरणात भांडवलाचे प्रमाण ११.५ टक्के धरले तर सुमारे साडेपाच लाखांचे भांडवल अडकेल. शाखा हजारो असतील, तर ही रक्कम लहान नाही. म्हणूनच तर ती भागधारकाला कळायला हवी.

ताळेबंदाचा नमुना बदलायला वेळ लागेल, हे मला मान्य आहे. टिपेला लागत नाही. येत्या आर्थिक वर्षापासून प्रत्येक सूचीबद्ध बँकेने सहामाही निकालात एक तक्ता द्यावा: भाड्याच्या जागा किती, मुदत संपूनही नूतनीकरण न झालेले करार किती, आणि पुढच्या एक वर्षात, पाच वर्षांत व त्यानंतर द्यायचे भाडे किती, नोटिशीचे कलम असो वा नसो. एवढे रिझर्व्ह बँकेने एका परिपत्रकाने करावे. आणि ज्यांच्याकडे बँकेचे शेअर आहेत त्यांनी या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत हाच तक्ता मागावा.