बदलण्याआधी उघडून बघा

परवा भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबांची पद्मिनी नुसती उभी आहे. गिअर टाकताना फार अडकतो. तिला एखाद्या नव्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून घेतो. मस्त अपग्रेड होईल!"

'अपग्रेड' म्हटलं की हल्ली माझं डोकं फिरतं. अडकतोय गिअर, आणि हा बदलायला निघालाय अख्खी गाडी! फोनवर मी गप्प बसले, कारण दादाचा विषय निघाला की आमच्या दोघांचाही आवाज चढतो. म्हणून जे बोलायचं ते इथे लिहिते. तो वाचतो, हे मला माहीत आहे.

मंडळी म्हणतील, बाईंनी जन्मभर मराठी शिकवलं, यांना गिअरबॉक्समधलं काय कळतं? खरं आहे. मला तर गाडी चालवताही येत नाही. पण दोन वर्षांपूर्वी लेकीकडे ओहायोला चार महिने राहिले, तेव्हा जावईबापूंच्या गॅरेजमध्ये बॅटरी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे होतं. बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं, आणि प्रश्न विचारायची तर मला सवयच आहे.

गाडी होती 1965 ची शेवरोले इम्पाला. त्या एका वर्षात या गाड्या दहा लाखांहून जास्त खपल्या होत्या. म्हणजे राजेरजवाड्यांची नव्हे, सर्वसाधारण कुटुंबाची गाडी. तिच्यात पॉवरग्लाइड नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शेवरोलेने तो 1950 साली आणला आणि 1973 पर्यंत वापरला. पुढे जायला गिअर फक्त दोन! बाकी ओढायचं काम टॉर्क कन्व्हर्टर करतो, म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन पंखे आणि मध्ये तेल. एक पंखा तेल फिरवतो, ते तेल दुसऱ्याला फिरवतं.

तर या गाडीची तक्रार अशी. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी वेग घ्यायची नाही. मागून पांढरा धूर. गिअरबॉक्सचं तेल दर आठवड्याला कमी व्हायचं, पण गाडीखाली थेंब नाही. वर्कशॉपवाल्याने बॉनेट उघडून पाहिलं न पाहिलं आणि निकाल दिला, "हा संपला. दोन गिअरचा जुनाट डबा कशाला ठेवता? चार गिअरचा बसवा." जावईबापूंच्या मित्रांनीही तोच सूर धरला.

मला एकच शंका. तेल जातंय कुठे? हवेत तर विरत नाही ना?

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, आयुष्य गाड्यांखाली गेलेले. त्यांनी काही न बोलता गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूची एक बारीक रबरी नळी उपटली. आतून लाल तेल ठिबकलं. ते म्हणाले, "हा घ्या चोर." तिथे व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची, मुठीत मावेल एवढी डबी असते. इंजिनवर भार किती आहे हे ती इंजिनाच्या ओढीवरून ओळखते आणि त्याप्रमाणे आतल्या तेलाचा दाब कमीजास्त करते. तिच्यातला पडदा फाटला, की इंजिन त्याच नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढून घेतं आणि जाळून टाकतं. म्हणून पांढरा धूर, आणि म्हणूनच जमिनीवर थेंब नाही. तेल कमी म्हणून दाब कमी, दाब कमी म्हणून वरच्या गिअरच्या क्लच प्लेटा घसरायच्या आणि करपायच्या. सगळ्याचं मूळ एक फाटका पडदा.

प्लेटा करपल्या होत्याच, त्यामुळे डबा खाली उतरवून पूर्ण उघडावा लागला. करपलेल्या तेलाचा वास गॅरेजभर पसरला. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजत घालायच्या असतात, हे पाहून मला आपल्या डाळीची आठवण झाली. खालच्या गिअरचा ड्रम धरून ठेवणारा एक पट्टा असतो. त्याचा स्क्रू ठरलेल्या ताणापर्यंत आवळायचा आणि मग मोजून सैल सोडायचा. पट्टा नवा असेल तर तीन फेरे, वापरून रुळलेला असेल तर चार. जुन्याला जास्त मोकळीक! हे ज्याने ठरवलं त्याला माझा नमस्कार.

आता युक्तिवादाकडे वळते.

"नवं ते चांगलं" म्हणणाऱ्यांना मी विचारते, त्या चार गिअरच्या डब्याला काही दुखणी नसतात का? तिकडे सगळ्यांच्या तोंडी असलेला 700आर4 हा 1982 चा. त्यात मॉड्युलेटर नाही, पण ॲक्सिलरेटरला जोडलेली एक केबल असते. ती नीट लावली नाही तर दाब कमी पडतो आणि त्याच्याही प्लेटा करपतात. म्हणजे कारण शोधायचा कंटाळा असेल, तर नवा डबाही जाळता येतो. शिवाय त्याची लांबी वेगळी, म्हणून आधाराची आडवी पट्टी सरकवा, मागचा शाफ्ट कापून आखूड करा, स्टिअरिंगजवळची गिअरची पाटी जुळवा... एका पडद्यासाठी!

"जुन्याचे भाग मिळत नाहीत" म्हणणाऱ्यांनी चौकशी केलेली नसते. साधा आणि दणकट म्हणून शर्यतीवाले आजही पॉवरग्लाइड वापरतात. भाग हवे तेवढे मिळतात.

एक गोष्ट मात्र मान्य करते. 700आर4 चा चौथा गिअर 0.70 चा आहे. ज्या वेगाला जुन्या डब्यावर इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं, तिथे नव्यावर 2100 च घेतं. रोज दोनशे मैल हायवेवर जाणाऱ्याने तो जरूर बसवावा. त्याला कारण आहे. रविवारी नातवंडांना आइस्क्रीम खायला नेणाऱ्या गाडीला काय कारण?

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांच्या पंक्तीतही मला बसवू नका. त्या गाडीचे चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलवाहिनीवर होते. एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले! जावईबापूंनी तिथे दोन वाहिन्यांचा मास्टर सिलिंडर बसवला, तेव्हा मीच पेढे वाटायचे बाकी ठेवले. जुन्या पॉवरग्लाइड गाड्यांत रिव्हर्स अगदी टोकाला, 'लो' च्या शेजारी असायचा. पुढे जाण्याऐवजी गाडी मागे जायची भीती. राल्फ नेडर यांनी 1965 च्या पुस्तकात त्यावर झोड उठवली, ती योग्यच होती. अशा ठिकाणी बदल करायलाच हवा. पण तिथे आधी दोष सापडला आणि मग बदल झाला. उलट क्रमाने नव्हे.

हा उलटा क्रम मी वर्गात आयुष्यभर पाहिला. मुलगा गणितात मागे पडला की पालक म्हणायचे, शाळा बदलतो, माध्यम बदलतो. तो सातवीत अडला आहे की चौथीतला भागाकारच कच्चा राहिला आहे, हे बघायला कुणाला वेळ नसायचा. मुलगा नव्या शाळेत जायचा आणि भागाकार त्याच्याबरोबर जायचा. आम्ही शिक्षकही कमी नव्हतो. "याच्या डोक्यातच नाही" हे वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे, आणि आज ते आठवलं की लाज वाटते. न उघडताच तोही डबा मी संपला म्हणून सांगितला होता.

तर बाळा, आता तुझं. पद्मिनीचं इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनासकट आडवा बसतो आणि पुढची चाकं फिरवतो. तो दादाच्या गाडीत बसवायचा तर इंजिन बदल, जमीन काप, ॲक्सल बदल. मग उरेल काय? दादाच्या गाडीचा पत्रा! गिअरचा दांडा स्टिअरिंगला आहे, तिथून खाली डब्यापर्यंत सळ्या आणि सांधे आहेत. सांध्यातले बुश झिजले की दांडा अडकतो. आधी ते बघ. क्लच पूर्ण सुटतोय का तेही बघ.

आणि तुझा गुडघा खरंच दुखत असेल, तर तसं स्पष्ट सांग. रोजच्यासाठी ऑटोमॅटिक गाडी घे, त्यात कमीपणा कसला? पण गुडघ्याचं दुखणं दादाच्या गाडीवर काढू नकोस.

इम्पाला व्यवस्थित चालते आहे. तो फाटका मॉड्युलेटर मी मागून आणला, माझ्या टेबलावर आहे. पुढच्या वेळी आलास की हातात घेऊन बघ.

असो.