हाडाची कपबशी

दोस्तहो, परवा एका मित्राच्या नव्या ब्लॉकवर गेलो होतो. आपल्यातलाच पोरगा. बाप गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला, आईनं चार घरची धुणीभांडी केली. हा शिकला, बँकेत चिकटला, हप्त्यावर घर घेतलं. हॉलमध्ये काचेचं कपाट. कपाटात जुन्या कपबश्या, किटल्या, निळ्या नक्षीच्या बश्या, हातानं घडवलेले वाडगे. सुट्टी मिळाली की गडी चोरबाजार पालथा घालतो. एक कप त्यानं दिव्यासमोर धरला. पलीकडून त्याच्या बोटांची सावली दिसत होती.

"बघ, किती पातळ! अस्सल इंग्लिश बोन चायना."

मी म्हटलं, "बोन म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"असेल काहीतरी नाव," तो म्हणाला.

नाव नाही दोस्ता, तो माल आहे. बोन म्हणजे हाड. सगळीच चिनी माती हाडाची नसते, पण ज्या कपाच्या बुडाला बोन चायना असा शिक्का असतो, त्यात ढोरांची हाडं असतात. हाडं साफ करायची, भट्टीत जाळायची, त्यांची राख दळायची आणि पांढऱ्या मातीत कालवायची. इंग्लंडात जोसाया स्पोड नावाच्या कारखानदारानं अठराव्या शतकाच्या शेवटी हे मिश्रण पक्कं केलं. जुन्या चांगल्या मालात निम्मी राख असायची. कपाचा तो दुधासारखा रंग, ती पातळ नजाकत, तो प्रकाश, सगळी हाडाची करणी.

आता हिशेब मांडा. माझा आजा गावाची मेलेली ढोरं ओढायचा. हाडं गोळा करून तालुक्याच्या व्यापाऱ्याला वजनावर द्यायचा. त्या हाडांपायी तो बाटलेला. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेल्या ढोराचं मांस सोडा. आमच्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन सोडलं. आणि ज्यांच्या सोवळ्याला आमची सावली चालत नव्हती, त्यांच्या दिवाणखान्यात शोकेसमधून हाडाच्याच कपबश्या मिरवल्या. हाड उचलणारा अस्पृश्य, हाडातून चहा पिणारा सुसंस्कृत!

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहाचा कार्यक्रम झाला, त्यावरून टिळक-रानड्यांच्या मागं प्रायश्चित्ताचं लचांड लागलं. त्यांना निदान प्रायश्चित्त तरी होतं. ते घेतलं की माणूस शुद्ध. आमच्या आज्याच्या शिवण्याला प्रायश्चित्तच नव्हतं.

त्याचीही एक कपबशी होती. गावातल्या हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीत कोनाडा, त्यात ती पडलेली. कान तुटलेला, कडेचा टवका उडालेला. आज्यानं ती उचलायची, पुढं धरायची, वरून चहा ओतला जायचा. उकिडवं बसून प्यायचा, स्वतः विसळून परत कोनाड्यात. पैसे मात्र तेवढेच! मनूनं दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंच होतं की चांडाळानं फुटक्या भांड्यात खावं. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. पण कोनाड्यातली कपबशी जळली नाही. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात भांडी हा शब्द मुद्दाम घालावा लागला. हॉटेलात ठेवलेली भांडी वापरायला मज्जाव करणं हा गुन्हा. १९७६ साली त्या कायद्याला नागरी हक्क संरक्षण असं नाव आलं. ज्या देशात कपाबशीसाठी कायद्यात कलम लागतं, त्या देशात कपबशी ही नुसती शोभेची वस्तू कशी असेल?

माझ्या लहानपणी एक दिवस चुलता त्या हॉटेलात शिरला. बाकावर बसला, सगळ्यांच्या कपातून चहा प्याला. जाताना कोनाड्यातली कपबशी उचलून घरी घेऊन आला. पुढं गावानं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. कपबशी आजही माझ्याकडं आहे.

काही कॉम्रेड म्हणतील, हे असले शौक म्हणजे पांढरपेशांची थेरं, फोडून टाका ते कपाट. मला हे पटत नाही. सुंदर वस्तू काय त्यांच्याच बापाची? आमच्या आयांना विचारा. जुन्या लुगड्यांवर बोहारणीशी तासभर हुज्जत घालून फुलाफुलाच्या सहा कपबश्या कुणी घेतल्या? झोपडीत फळी ठोकून, फळीला कागदाची झालर लावून, घासून लखलखीत केलेली पितळी, तांबे, पेले ओळीनं कुणी मांडले? प्रत्येक भांड्यावर नाव घालून कुणी घेतलं? गळत्या छपराखालचा तो संग्रहच होता. त्याला कुणी संग्रह म्हटलं नाही, कारण संग्रह हा शब्द काचेच्या कपाटवाल्यांनी बळकावलेला.

म्हणून मित्राला विचारलं, "तुझ्या आईची फळी कुठाय?"

तो गप्प. मग म्हणाला, "माळ्यावर. पोत्यात."

दोस्तहो, माझं भांडण त्या पोत्याशी आहे. इंग्रजाच्या कपाला काच आणि दिवा, आईच्या पेल्याला पोतं. टवका उडालेला विलायती कप पाहुण्याला कौतुकानं दाखवायचा, कारण टवका म्हणजे जुनेपणाची खूण. आणि आज्याच्या कपाचा टवका लपवायचा, कारण तो जातीची खूण. ही लाज आपली नाही. ज्यांनी कोनाडा केला, त्यांची आहे.

हातानं घडवलेल्या वाडग्यांचंही तेच. दुकानदार हस्तनिर्मित म्हणून चिठ्ठी लावतो, आपलं नाव छापतो. हात कुणाचा? चाक कुणी फिरवलं, आव्याचा धूर कुणाच्या छातीत गेला? चिठ्ठीवर पत्ता नाही. १९७२ साली ज्या काळ्या अमेरिकेवरून आपण पँथर हे नाव घेतलं, तिथली एक गोष्ट ऐका. साउथ कॅरोलिनातल्या एजफील्डला डेव्ह नावाचा गुलाम कुंभार होता. १८३४ साली त्या राज्यानं गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी घातली. आणि हा पठ्ठ्या ओल्या मातीच्या रांजणावर आपलं नाव, तारीख, वर दोन ओळींची कविता कोरत होता. स्वतःचे हातसुद्धा त्याच्या मालकीचे नव्हते. सुटका झाल्यावर तो डेव्हिड ड्रेक झाला. २०२१ साली त्याचा एक रांजण लिलावात पंधरा लाख डॉलरांवर गेला. पैसा त्याला मिळाला नाही. पण नाव मालकाचं नाही राहिलं, त्याचं राहिलं. कारण त्यानं ते कोरलं होतं.

तेव्हा जमवा बिनधास्त. चोरबाजारात जा, कुंभारवाड्यात जा, घासाघीस करा, पण घडवणाऱ्याचं नाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि कपाटातल्या पहिल्या खणात आईची भांडी मांडा. शेजारी चार ओळींची पाटी लावा: कुणाची, कुठली, कशी मिळाली.

माझ्या आज्याची कपबशी मी आता तशीच मांडली आहे. एका हौशी गृहस्थानं किंमत विचारली. म्हटलं, ती विकायची नाही. आणि तिच्यातून चहाही कुणाला देणार नाही. ती साक्षीदार आहे, खटला अजून संपलेला नाही.

जय भीम.