रोही पिंजऱ्यात कोण पाहायला जाणार?

अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळी तालुक्यातल्या पोराला रोही, म्हणजे नीलगाय, दाखवायला कुठे न्यावं लागत नाही. हरभरा घाट्यावर आला की कळपच्या कळप आपणहून वावरात उतरतो. वाघ-सिंह बघायचे तर मात्र अडीचशे किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं. तिथे महाराजबाग आहे आणि २०२१पासून गोरेवाड्याची सफारी. गंमत अशी, की भोसल्यांच्या बागेत १८९४ साली सुरू झालेलं महाराजबागेचं प्राणिसंग्रहालय चालवतं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. म्हणजे मालकी वऱ्हाडाची आणि सहल नागपूरला! मग वऱ्हाडातही एक प्राणिसंग्रहालय का असू नये, असं कुणाला वाटलं तर त्यात वावगं काही नाही. माझंही मत ‘असावं’ असंच आहे. फक्त त्यात बाहेरून आणलेले वाघ-सिंह नसावेत आणि तिकीटखिडकीच्या आधी दवाखाना बांधावा.

प्राणिसंग्रहालयं स्वतःचं समर्थन दोन शब्दांत करतात: संवर्धन आणि शिक्षण. १९९८च्या राष्ट्रीय धोरणातही संवर्धनालाच अग्रस्थान आहे. प्रत्यक्षात काय दिसतं? १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं, त्याने देशभरातली पाचशेहून अधिक ठिकाणं तपासली आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांशांना मान्यता नाकारली. महाराजबागेवरही २०१८ साली ही पाळी आली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. दोष कुणा एकाचा नव्हता. २००० साली पशुवैद्यकाचं शिक्षण कृषी विद्यापीठांकडून काढून नव्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे दिलं गेलं. वाघ-बिबटे मात्र शेतीच्या विद्यापीठाकडेच राहिले. ज्वारीच्या वाणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने अस्वलाच्या तब्येतीची काळजीही वाहावी, ही व्यवस्था इतके दिवस चालली याचंच नवल.

खरं संवर्धन कसं असतं ते पाहायचं तर हरियाणातल्या पिंजोरकडे पाहावं. गाई-बैलांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ साली उघड झालं. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं शंभरातलं एखादं उरावं इतकी घटली होती. उरलेल्यांची पैदास पिंजोरला झाली आणि तिथली गिधाडं २०२४च्या जानेवारीत पेंच आणि ताडोबात आणली गेली. या केंद्रात सहली येत नाहीत, कारण तिथे प्रेक्षकांना प्रवेशच नाही. माणसांच्या गर्दीत ही कामं होत नाहीत. म्हणूनच पिंजोरसारख्या केंद्राचं पुण्य शहरातल्या पिंजऱ्यांच्या खाती जमा करणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, जखमी किंवा पोरका वाघ सांभाळून पुन्हा रानात सोडता येतोच की. येतो, पण फार क्वचित. पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीची बछडी २०१८च्या अखेरीस पकडली, पेंचच्या बंदिस्त जंगलात दोन वर्षांहून अधिक काळ वाढवली आणि २०२१च्या मार्चमध्ये मोकळी सोडली. आठवडाभरात दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती इतकी जखमी झाली की वाचली नाही. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात २०२४च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. हे सांगण्यात कुणाला दोषी ठरवायचा हेतू नाही. मोठ्या शिकारी प्राण्यासाठी पिंजरा हा बहुधा शेवटचा मुक्काम असतो, इतकं कबूल करून पुढे बोलावं.

राहिला शिक्षणाचा मुद्दा. मोबाइलवर सगळं दिसतं, मग पिंजरे कशाला, हा आक्षेप मला पटत नाही. जनावराचा वास, त्याचा आकार आणि आपल्यावर रोखलेली त्याची नजर पडद्यावर येत नाही. पण प्रश्न कुठलं जनावर, हा आहे. २०१६ साली मुंबईच्या राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले आणि गर्दी वाढली. त्या पक्ष्याचं घर पेरू-चिलीचा किनारा. त्याच्या भवितव्याबद्दल भायखळ्याचा प्रेक्षक फारसं काही करू शकत नाही. वऱ्हाडातला प्रेक्षक मात्र पुष्कळ करू शकतो. रानडुकरांसाठी तारेत करंट सोडायचा की नाही, विहिरीला कठडा बांधायचा की नाही, आजारी बैलाला कोणतं औषध टोचून घ्यायचं, हे त्याच्याच हातात आहे. डायक्लोफेनॅकच्या जागी मेलॉक्सिकॅम मागावं, एवढं तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगणारं केंद्र गिधाडांच्या दहा पिंजऱ्यांपेक्षा मोलाचं ठरेल. तणमोर हा पावसाळ्यात अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर उड्या मारणारा पक्षी आज अतिसंकटग्रस्त आहे. माळ पडीक म्हणून नांगरला जातो तेव्हा नेमकं काय जातं, हे कुणी तरी सांगायला नको का?

‘पण रोही बघायला तिकीट काढून कोण येणार?’ हा खरा व्यवहारी आक्षेप. गर्दी कमी येईल, हे मान्य. पण आपण रोही पाहतो तो पळताना, तोही शिव्या देत. तो कुरंगात गणला जात असला तरी नीलगाय या नावातल्या गाईशी त्याचं खरंच जवळचं नातं आहे, दोघं एकाच उपकुळातले आहेत, हे किती जणांना माहीत असतं? काटेपूर्णा अभयारण्य याच परिसरात आहे आणि ते चौशिंग्यासाठी ओळखलं जातं. चार शिंगांचा असा रानटी प्राणी जगात दुसरा नाही. तालुक्यातल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नसेल. विहिरीत पडलेला, कुत्र्यांनी फाडलेला, पुन्हा सोडता न येणारा प्राणी तेवढाच ठेवायचा, हा नियम पाळला तर पिंजऱ्याच्या क्रौर्याचा आक्षेपही बराचसा बोथट होतो. पैशाचं म्हणाल, तर रोह्याला चारा लागतो आणि वाघाला रोज काही किलो मांस. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आधीपासूनच आहे. काटेपूर्णा नदीवरच्या महानच्या धरणालगत वनखात्याचं रान आहे. या दोघांचा एक करार आणि दारावर एक पाटी, यापासून सुरुवात करता येईल. पाटीवर तीनच आकडे असावेत: या वर्षी प्राणी आले किती, बरे होऊन रानात गेले किती आणि मेले किती.