केशवरावांचे नाव आणि नटाचे श्रम

कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत सापडले. ते पूर्ववत उभे राहावे, हे रास्तच. परंतु त्या नावामागील श्रमांचे काय? बालवयातच नाटक मंडळीत शिरलेला, 'शारदे'च्या भूमिकेने गाजलेला हा नट १९०८ साली 'ललितकलादर्श'चा चालक झाला. बिऱ्हाड मात्र फिरतेच राहिले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसह त्यांनी संयुक्त 'मानापमान' केले. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वराने ते गेले. वय अवघे ३१! साऱ्या मंडळीची चूल अशा एकेका गळ्यावर पेटत असे. वास्तूबरोबरच फिरत्या नटांच्या व पडद्यामागील कामगारांच्या आजारपणाची तरतूदही शासनाने करावी.