आमची फाइल कोणी उघडली, ते आम्हाला कळले पाहिजे

प्रति,
मा. महावाणिज्यदूत,
भारताचा महावाणिज्य दूतावास,
जेद्दा, सौदी अरेबिया.

विषय : रुग्णालयांत काम करणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या आजारपणाची माहिती सहकाऱ्यांकडून फुटत असल्याबाबत, आणि फाइल उघडणाऱ्यांची यादी त्या कर्मचाऱ्याला मिळावी याबाबत.

महोदय,

ताइफ आणि आसपासच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या आम्ही नऊ मराठी परिचारिका आणि दोन प्रयोगशाळा तंत्रज्ञ हे निवेदन आपल्याला देत आहोत. डेटाफ्लोची कागदपत्र-पडताळणी, प्रोमेट्रिकची परवाना परीक्षा, व्हिसापूर्वीची वैद्यकीय तपासणी हे सगळे पार करून आम्ही इथे आलो. पगाराबद्दल किंवा राहण्याच्या जागेबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की, आम्ही आजारी पडलो की तो आजार आमच्यापुरता राहत नाही. डॉक्टरांनी काय लिहिले, कोणती गोळी दिली, रिपोर्ट काय आला, हे दोन-चार दिवसांत जेवणाच्या टेबलावर आलेले असते.

असे होण्याचे कारण सरळ आहे. आमचा उपचार आम्ही नोकरी करतो त्याच रुग्णालयात होतो. ज्या संगणकावर आम्ही रुग्णांचे रिपोर्ट बघतो, त्याच संगणकात आमचीही फाइल असते, आणि इकाम्याचा, म्हणजे निवास परवान्याचा, नंबर टाकला की ती उघडते. हा नंबर हॉस्टेलच्या यादीत असतो, सुट्टीच्या अर्जावर असतो, बसच्या पासावर असतो. म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली सगळ्यांकडे आहे.

निवेदन सर्वांचे असले तरी एक हकीगत मी, हे लिहिणारी, माझ्या स्वतःच्या तोंडून सांगते. बाकीच्यांची त्याला संमती आहे.

गेल्या वर्षी चिपळूणला माझे वडील गेले. सुट्टी मंजूर होऊन मी घरी पोहोचले तेव्हा दहावे होऊन गेले होते. परत आल्यावर माझी झोप उडाली. रात्रीची ड्यूटी निभायची, पण दिवसा खोलीत पडून छताकडे बघत राहायचे. दोन महिने अंगावर काढले आणि मग आमच्याच रुग्णालयाच्या मानसोपचार क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले, सकाळची एक आणि रात्रीची एक गोळी दिली, ड्यूटी करायला हरकत नाही असे स्पष्ट लिहून दिले. हे मी नवऱ्यालाही सांगितले नव्हते. चौथ्या दिवशी डबा खाताना बरोबरच्या सिस्टरने विचारले, "रात्रीची गोळी पूर्ण घेतेस की अर्धी?"

तिने ते काळजीनेच विचारले असेल. माझ्या हातातला घास मात्र तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात जे झाले ते मला अधिक लागले. आमच्या वॉर्डात मॉर्फिन, फेंटानिल ही औषधे कुलूपबंद कपाटात असतात. शिफ्ट बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघी मिळून अँप्यूल मोजतात, वहीत सह्या करतात, आणि किल्ली येणारीच्या हातात देतात. त्या सकाळी मोजणी झाली, वहीत माझी सही झाली, आणि किल्ली माझ्या पुढ्यातून माझ्या मागे उभ्या असलेल्या, माझ्याहून चार वर्षांनी कनिष्ठ सिस्टरच्या हातात गेली. कोणी काही बोलले नाही. नऊ वर्षांत माझ्या ड्यूटीवर एक अँप्यूल कमी भरलेला नाही. त्या दिवसापासून किल्ली माझ्याकडे आलेली नाही, आणि तसा लेखी आदेशही कुठे नाही. माझ्याविरुद्ध कागदावर एक अक्षर नसताना मी अर्ज तरी कशाविरुद्ध करायचा?

ताइफमध्ये शहार या नावाला एक वेगळा अर्थ आहे. शहारचे मनोरुग्णालय १९६२ साली सुरू झाले, ते या देशातले असे पहिले रुग्णालय. आपल्याकडे मुंबईत ठाण्याचे, पुण्यात येरवड्याचे आणि कोकणात रत्नागिरीचे नाव ज्या अर्थाने घेतात, त्याच अर्थाने इथे शहारचे घेतात. मी तिथे कधी गेलेले नाही. तरी कॉरिडॉरमध्ये माझ्या पाठीमागे तो शब्द मी ऐकला आहे. आणि महिन्याभरात चिपळूणहून आईचा फोन आला. "तुला तिकडच्या रत्नागिरीला ठेवलंय का गं?" असे तिने विचारले. तिला कोणी सांगितले ते ती सांगेना. ताइफच्या एका संगणकातली गोष्ट समुद्र ओलांडून माझ्या आईच्या अंगणात पोहोचली, आणि वाटेत ती कोणाकोणाच्या फोनवरून गेली याचा पत्ता मला आजवर लागलेला नाही.

आमच्यातल्या एका तंत्रज्ञाला जुन्या ब प्रकारच्या काविळीचा संसर्ग निघाला. लिव्हरचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, डॉक्टरांनी कामाला मोकळीक दिली आहे. तरी पॅन्ट्रीत त्याचा कप वेगळा ठेवला जातो. आमच्यातल्या एकीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. ती वॉर्डमधून खोलीवर येण्याआधीच सांत्वनाला माणसे दारात उभी होती, आणि तिने तेव्हा घरी कळवलेलेही नव्हते.

हे करणारे परके नव्हते, हे आम्ही प्रामाणिकपणे लिहितो. आमच्याच मेसमध्ये जेवणारी, आमच्याशी मराठीत, हिंदीत बोलणारी माणसे त्यांत आहेत. इतकेच काय, चार वर्षांपूर्वी एका मैत्रिणीचा बायोप्सीचा रिपोर्ट मी स्वतः तिला न विचारता उघडून पाहिला होता. तिच्या काळजीपोटी पाहिला होता. ती चूक होती. म्हणून हे निवेदन कोणा देशाविरुद्ध, धर्माविरुद्ध किंवा एखाद्या रुग्णालयाविरुद्ध नाही. ज्या रुग्णालयांत हे घडले त्यांची नावे आम्ही मुद्दाम लिहिलेली नाहीत.

परदेशी नोकरदाराला या गोष्टीचा फटका अधिक बसतो. क्षयरोग, एचआयव्ही, कावीळ यांच्या तपासण्यांवर इथला व्हिसा अवलंबून असतो. इकामा आणि नोकरीचा करार दर ठरावीक मुदतीने नव्याने करावा लागतो. त्यामुळे आजाराची नुसती कुजबुज झाली तरी पोटात गोळा येतो, आणि माणूस उपचार टाळतो. आमच्यातल्या दोघी आज औषध लागत असूनही क्लिनिकला जात नाहीत. गावाहून येणाऱ्या ओळखीच्या माणसांच्या बॅगेतून गोळ्या मागवतात. तिसरी जेद्द्याला खासगी डॉक्टरकडे जाते. ती मुसलमान नसल्याने मक्केवरून जाणारा जवळचा रस्ता तिच्यासाठी नाही, वळसा घालून जावे लागते, आणि त्यात तिची आठवड्याची सुट्टी जाते.

कायदा नाही म्हणून हे होते असेही नाही. सौदी अरेबियाचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२१ चा आहे, २०२३ च्या सप्टेंबरात तो लागू झाला, आणि सप्टेंबर २०२४ पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी आहे. आरोग्याची माहिती त्यात संवेदनशील मानली आहे. रुग्णाची फाइल कमीत कमी कर्मचाऱ्यांना आणि उपचाराला लागेल तेवढीच दिसावी, असे तो स्पष्ट सांगतो. संवेदनशील माहिती इजा करण्याच्या किंवा स्वतःच्या फायद्याच्या हेतूने फोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख रियालपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आरोग्य व्यावसायिकांवर गुपित राखण्याचे बंधन त्याआधीच्या, २००५ च्या कायद्यातही आहे. माहिती संरक्षणाचा हा कायदा चांगला आहे, आणि तो आमच्याही संरक्षणासाठी आहे असे आम्ही मानतो.

अडचण पुराव्याची आहे. मी रेकॉर्ड विभागात जाऊन विचारले, माझी फाइल त्या आठवड्यात कोणी कोणी उघडली? संगणकात प्रत्येक लॉगिनची नोंद राहते, हे आम्ही सगळेच रोज वापरत असल्यामुळे जाणतो. मला तोंडी उत्तर मिळाले की, उघडणाऱ्यांची नावे देता येत नाहीत, ती त्यांची खासगी माहिती आहे. लेखी अर्जाला उत्तर आले नाही. कोणी उघडली ते मला कळू द्यायचे नाही, आणि ते मी सिद्ध केल्याशिवाय तक्रार घ्यायची नाही, अशा कात्रीत आम्ही सापडलो आहोत.

याच कात्रीत फिनलंडमधली एक परिचारिका सापडली होती. तिची हकीगत आम्ही मुद्दाम विस्ताराने देतो, कारण ती जवळजवळ आमचीच आहे. १९८९ पासून ती एका सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात ठरावीक मुदतीच्या करारांवर काम करत होती, आणि एचआयव्हीचे उपचार त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या विभागात घेत होती. १९९२ च्या सुरुवातीला तिला संशय आला की, सहकाऱ्यांना तिचा आजार ठाऊक झाला आहे. त्या वेळी कोणताही कर्मचारी कोणाचीही फाइल बघू शकत होता. तिने तक्रार केल्यावर नियम बदलले, तिची नोंद वेगळ्या नावाने केली गेली. पण १९९५ मध्ये तिचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. फाइल कोणी उघडली याची चौकशी तिने मागितली, तेव्हा कळले की यंत्रणेत फक्त शेवटच्या ५ वेळांची नोंद राहते, तीही विभागाची, व्यक्तीची नव्हे, आणि फाइल संग्रहात परत गेली की तीही पुसली जाते. तिथल्या न्यायालयांनी पुरावा नाही म्हणून तिचा दावा फेटाळला. ती युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. १७ जुलै २००८ रोजी त्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. नुसता नुकसानभरपाईचा कायदा असून भागत नाही, फाइल मुळात नको त्याला उघडताच येऊ नये अशी व्यवस्था ठेवणे हे सरकारचे काम आहे, आणि नोंद ठेवली असती तर तिच्यावर पुराव्याचे ओझे आले नसते, असा त्या निकालाचा आशय आहे. तिचे नाव निकालात नाही. ती नुसती "आय" आहे.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये एचआयव्हीबाधित म्हणून कामावरून दूर केलेल्या एका मजुराला "एमएक्स" या नावाने दाद मागू दिली होती, आणि काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ आजारामुळे रोजगार नाकारता येणार नाही असे सांगितले होते. न्याय मागण्यासाठी आपला आजार चव्हाट्यावर मांडावा लागू नये, हे त्या न्यायालयाने तेव्हाच ओळखले होते. पुढे २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. त्याच वर्षीच्या आपल्या मानसिक आरोग्य कायद्यातही रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क आहे.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी : कर्मचारी स्वतः रुग्ण असेल, तर त्याची फाइल कोणत्या लॉगिनने, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या कारणासाठी उघडली गेली याची यादी त्याने लेखी मागितल्यावर १५ दिवसांत त्याला मिळावी. हा विषय दूतावासाने सौदी आरोग्य मंत्रालयाकडे आणि सौदीच्या माहिती संरक्षण कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या डेटा प्राधिकरणाकडे मांडावा. रुग्णालयांना आदेश देणे आपल्या हातात नाही, हे आम्ही जाणतो. पण एकेकटी परिचारिका विचारते तेव्हा आणि दूतावास विचारतो तेव्हा मिळणारी उत्तरे वेगळी असतात. दुसऱ्याची फाइल उघडली की आपले नाव त्या यादीत जाणार हे प्रत्येकाला ठाऊक झाले, तर निम्म्याहून अधिक फाइली उघडल्याच जाणार नाहीत, अशी आमची खात्री आहे. मी मैत्रिणीचा रिपोर्ट उघडला त्या दिवशी मला ते ठाऊक असते, तर मी तो उघडला नसता.

२०१५ पासून परिचारिकांना इथे येण्यासाठी भारत सरकारची एमिग्रेशन परवानगी सक्तीची आहे, आणि आमचे करार ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर चढतात. त्या करारातच तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात : कर्मचाऱ्याची फाइल उपचार करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांपुरती बंद राहील, त्याला हवे तर विम्यावर दुसऱ्या रुग्णालयात उपचार घेता येतील, आणि अशी तक्रार केल्याबद्दल त्याची बदली, ड्यूटी बदल किंवा कराराचे नूतनीकरण नाकारणे असे काही होणार नाही.

दूतावासाचे पथक ताइफला येते तेव्हा पासपोर्टच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, टेबलापलीकडच्या माणसाला हे सांगता येत नाही. तिथे एक बंद खोली आणि शक्यतो एक महिला अधिकारी असावी, एवढे केले तरी पुष्कळ होईल. मदद पोर्टलवर आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्रात अशा तक्रारीसाठी स्वतंत्र वर्ग असावा. भारतातल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेला परदेशातून लागेल असा क्रमांक आम्हाला मिळावा, म्हणजे रुग्णालयाबाहेरच्या कोणाशी तरी मराठीत बोलता येईल. आणि निघण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात फाइल न उघडण्याची शिस्तही शिकवली जावी, केवळ आपले हक्क नव्हेत.

आम्हाला कोणाची नोकरी घालवायची नाही. कुतूहलाने फाइल उघडणाऱ्याला समज पुरेशी आहे. ज्याने माहिती जाणूनबुजून पसरवली, कोणाच्या घरापर्यंत पोहोचवली, त्याच्यावर मात्र कायद्याने कारवाई व्हावी.

निवेदन मराठीत आहे, कारण जे घडले ते आम्हाला याच भाषेत नीट सांगता येते. इंग्रजी आणि अरबी अनुवाद सोबत जोडले आहेत. आम्हा अकरा जणांची नावे, इकामा क्रमांक आणि स्वाक्षऱ्या वेगळ्या सीलबंद पाकिटात आहेत. ते पाकीट आपण स्वतः किंवा आपण नेमाल त्या एकाच अधिकाऱ्याने उघडावे, आणि उघडल्याची तारीख व नाव त्यावर लिहावे.

उत्तर कृपया आमच्या रुग्णालयांच्या किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर पाठवू नये. तिथले टपाल नर्सिंग ऑफिसमध्ये उघडले जाते. पाकिटात एक मोबाइल क्रमांक दिला आहे, त्यावर दुपारी दोननंतर फोन करावा. तेव्हा मी खोलीवर एकटी असते.

आपल्या विश्वासू,
ताइफ परिसरातील मराठी परिचारिका व तंत्रज्ञ

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, मुंबई
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
(दोन्ही प्रतींसोबत नावांचे पाकीट जोडलेले नाही.)