नोकराची फी आणि मालकाचा हिशेब

आखाडा बाळापूरसारख्या गावात उच्च शिक्षणाची अडचण आता महाविद्यालयाच्या अभावाची राहिलेली नाही. गावात महाविद्यालय आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून उभे आहे. ज्याला रोज वर्गात बसणे शक्य नाही त्याच्यासाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे दार १९८९ पासून उघडे आहे. असे असूनही अडत दुकानात वही लिहिणारा, कृषी केंद्रात खते-बियाणे विकणारा किंवा पतसंस्थेची पिग्मी गोळा करीत फिरणारा बारावी झालेला तरुण पहिल्या-दुसऱ्या वर्षातच शिक्षण सोडताना दिसतो. पदवी हवी तर नोकरी सोड, आणि नोकरी हवी तर पदवी विसर, असा हा पेच आहे. अशा नोकराची फी मालकाने भरावी काय, हा प्रश्न म्हणूनच दातृत्वापुरता मर्यादित नाही. त्यात मालकाचा स्वतःचा हिशेबही गुंतलेला आहे.

मोठ्या उद्योगांनी हा हिशेब केव्हाच मांडला आहे. विप्रोच्या योजनेत बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. झालेली मुले नोकरी करीत एम.टेक. होतात. खर्च कंपनीचा आणि करार साठ महिन्यांचा. बँकांत तर ही परंपरा फार जुनी. १९२८ साली स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कारकुनाला वेतनवाढ मिळे, आणि संस्थेचे नाव बदलले तरी ती रीत टिकून आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये मालकाने भरलेली फी कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वगळण्याची तरतूद केली. १९८६ मध्ये तिची मर्यादा वर्षाला ५,२५० डॉलर ठरली आणि पुढे जवळजवळ चार दशके ती जागची हलली नाही.

बाळापूरचा व्यापारी मात्र विचारील की, आपल्या पैशाने शिकलेला माणूस उद्या नांदेडला किंवा चाकणला गेला तर आपण दुसऱ्याच्या पेढीसाठी दिवाणजी तयार करून द्यायचा काय? ही शंका केवळ कंजूषपणाची नव्हे. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात नेमका हाच मुद्दा मांडला. जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते त्याचा लाभ वाढीव पगाराच्या रूपाने कामगारालाच मिळतो. तेव्हा त्याचा खर्च मालक करणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. तर्क निर्दोष आहे, पण व्यवहारात मालक फी भरतात ही वस्तुस्थिती उरतेच. पीटर कॅपेली यांनी २००४ मध्ये या कोड्याचा मागोवा घेतला, तेव्हा फी भरणाऱ्या आस्थापनांकडे मुळातच अधिक गुणी माणसे येतात आणि ती टिकतातही, असे सुचविणारा पुरावा त्यांना आढळला. यात नवल वाटण्याचे कारण नाही. दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणारा माणूस कसा आहे, हे जवळच्या मालकाला ठाऊक असते. परगावच्या मालकाला केवळ प्रमाणपत्र दिसते. शिवाय शिक्षण चालू असेतोवर तरी तो माणूस जागा सोडीत नाही. कोणत्या शेतकऱ्याची पट्टी थकली आहे, कोणाच्या खात्यावर कोणाचा माल उतरतो, हे शिकायला नव्या कारकुनाला एक अख्खा हंगाम लागतो. माणूस गमावल्याचा हा खर्च वहीत कोठेच लिहिला जात नाही, एवढेच.

माणूस जाईल या भीतीवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे करारपत्र. कायदा त्याच्या आड येत नाही. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. परंतु तो वाद एका वरिष्ठ व्यवस्थापकाचा होता. तो दोन लाख भरून दुसऱ्या बँकेत जाऊ शकला आणि न्यायालयातही गेला. बाळापूरच्या कारकुनाला यांतले काहीच परवडणारे नाही. मराठवाड्याला अशा कराराचे दुसरे रूप पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे. पाडव्याला सालगडी ठरतो आणि हातात उचल पडते. दसऱ्यापूर्वी मुकादम कोयत्याला उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत मजुराचे पाऊल दुसरीकडे वळत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, उचलीची सवय झाली नाही. फी आगाऊ भरून, कोऱ्या कागदावर सही घेऊन माणूस अडकवून ठेवला, तर ती शिक्षणाचीच उचल झाली. अशा माणसाचे शरीर दुकानात राहील, पण मन केव्हाच नांदेडच्या गाडीत बसलेले असेल.

आणि खरे पाहता फी हा या खर्चाचा लहान भाग आहे. कला किंवा वाणिज्य शाखेची वर्षाची फी एखादा समंजस मालक सहज भरू शकेल. कितीतरी विद्यार्थ्यांना शासनाच्या शिष्यवृत्त्याही मिळतात. महाग आहे ती सवड. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा साधारणतः दिवाळीच्या आगेमागे येतात. नेमक्या त्याच वेळी सोयाबीन बाजारात उतरलेले असते आणि कापसाची आवक सुरू होते. उन्हाळी परीक्षा मार्चपासून मेपर्यंत चालतात. तेव्हा हिंगोली-वसमतचा हा सारा टापू हळद शिजवण्यात, वाळवण्यात आणि पोती भरण्यात गढलेला असतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्याचा अभिमान रास्तच आहे, परंतु पेपरच्या दिवशी त्याच हळदीच्या वजनकाट्यापाशी अडकून पडलेल्या मुलाच्या अंकपत्रावर अनुपस्थित हाच शेरा पडतो. ज्या दिवसांत दुकानाला माणूस सर्वाधिक हवा, त्याच दिवसांत तो परीक्षागृहात असायला हवा. फी भरून रजा नाकारणाऱ्या मालकाने बियाणे देऊन पाणी तोडले, असेच म्हणावे लागेल.

यातून वाट काढणे अशक्य नाही. फी वर्षाच्या आरंभी उसनवारीसारखी न देता निकाल लागल्यावर, त्या त्या वर्षापुरती परत करावी. म्हणजे नोकराच्या डोक्यावर ऋण चढत नाही आणि मालकाचाही पैसा वाया जात नाही. पहिल्या वर्षासाठी ज्याच्याजवळ गाठीला काहीच नाही, त्याची फी मालकाने परस्पर महाविद्यालयात भरावी आणि तिची नोंद उचलीच्या वहीत करू नये. पदवी हाती येताच पगार वाढवावा, कारण बेकर यांच्या तर्काला अखेर तेवढेच उत्तर आहे. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरण्यासाठी बाहेरच्या माणसाला पैसे मोजणाऱ्या पेढीला घरचाच पदवीधर स्वस्त पडेल.

रजेचा प्रश्न एकट्या मालकाच्या आवाक्यातला नाही. भर हंगामात शेजारचे दुकान पूर्ण माणसांनिशी चालत असता आपला माणूस कोण सोडील? पण गावातील अडत्यांनी एकत्र बसून परीक्षेच्या दिवसांची पगारी रजा सर्वांनी द्यावी असे ठरविले, तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटत नाही. बाजार समिती त्यांना एका बैठकीला बोलावू शकते. सौद्याची वेळ, हमाली, बाजाराची सुटी या गोष्टी अशाच एकत्र बसून ठरतात. त्या यादीत आणखी एक ओळ घालायची आहे, आणि तीही सोयाबीनची पहिली पोती यार्डात येण्यापूर्वी.