बेहडा उभा राहण्यात हित कोणाचे?

त्रिफळा ज्याच्या चिकित्सालयात नाही असा वैद्य विरळाच. परंतु त्यातील बेहडा कोणाच्या जमिनीत वाढला, कोणी वेचला आणि ते झाड आज उभे आहे काय, हे आपणांपैकी किती जण सांगू शकतील? आम्ही आमच्या पुरवठादारास हे विचारले, तेव्हा त्याने भाव सांगितला. गाव त्यालाही ठाऊक नव्हते. दोष केवळ त्याचा नाही. इतक्या वर्षांच्या व्यवसायात आम्हीही हा प्रश्न प्रथमच विचारीत होतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतांश जंगल खाजगी मालकीचे आहे. तेथील जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. परंतु मालकाच्या हाती फळाचे फारसे काही पडत नाही आणि लाकडाचे पैसे एकरकमी मिळतात. म्हणून तो झाड विकतो. वेचणाऱ्यास किलोमागे दाम मिळतो. आपण फळ ठेवले तर दुसरा नेईल, या भीतीने तो कच्चे-पक्के सारेच झोडपतो. व्यापारी सर्व माल एकत्र करतो, औषधनिर्माता सर्वांत स्वस्त तो घेतो आणि वैद्य काही विचारीत नाही. यांत दुष्ट कोणीच नाही. मात्र झाड उभे राहण्यात कोणाचेच हित गुंतलेले नाही.

अशा जमिनी राखण्यासाठी संगणकीय टोकन विकून पैसा उभारण्याची कल्पना अलीकडे मांडली जाते. तिचा अनुभव तपासून पाहावा. २०२१ मध्ये ‘क्लायमाडाओ’ या उपक्रमाने कार्बन-प्रमाणपत्रांच्या आधारावर टोकन काढले. त्याचा भाव काही हजार डॉलरपर्यंत चढला आणि वर्षभरात काही डॉलरवर आला. आधारासाठी आणलेल्या प्रमाणपत्रांपैकी बरीचशी जुनी, बाजारात मागणी नसलेली होती. मे २०२२ मध्ये प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘व्हेरा’ संस्थेने वापरून संपलेल्या प्रमाणपत्रांवर टोकन काढण्यास मनाई केली. येथे निदान स्पष्ट आहे. टोकन घेणाऱ्याचा लाभ भाव चढण्यात होता, झाड जगण्यात नव्हता. पैसा आला, पण तो झाडाच्या मुळाशी पोहोचेलच असे बंधन नव्हते.

याउलट पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ने सह्याद्रीत दुसरी वाट धरली. जंगलमालकांशी संवर्धनाचे करार केले आणि भीमाशंकर परिसरातील हिरडा-बेहड्यास ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणन मिळवून दिले. या प्रमाणनात किती फळ काढावे याची मर्यादा असते आणि वेचणाऱ्या समाजासाठी मालाच्या किमतीवर अधिक रक्कम ठेवलेली असते. येथे पैसा दरवर्षीच्या फळातून येतो; झाड गेले की पैसाही गेला. हितसंबंध जुळणे म्हणतात ते हेच. उणीव एकच दिसते. हा माल ब्रिटनच्या ‘पुक्का’ कंपनीने घेतला आहे. त्रिफळा ज्यांचे नित्याचे औषध, ते आम्ही त्यात कोठे आहोत?

जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना राज्य जैवविविधता मंडळास पूर्वसूचना देण्यातून सूट मिळाली. ही सूट योग्यच आहे. परंतु कायद्याने सोडले म्हणून कर्तव्य सुटत नाही. द्रव्य कोणत्या भूमीतून घ्यावे यासाठी सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय दिला आहे. भूमीचा विचार हा चिकित्सेचाच भाग आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक जिल्हा शाखेच्या सभासदांनी बेहड्याची वार्षिक मागणी एकत्र करून एका गावाशी किमान तीन वर्षांचा करार करावा. दोन, वाढीव भावाचे दोन वाटे ठरवावेत: एक झाडाच्या मालकास, दुसरा वेचणाऱ्यास. तीन, दरवर्षी झाडे मोजावीत आणि ती उभी असतील तरच मालकाचा वाटा द्यावा.

चूर्ण थोडे महाग पडेल, हे औषधनिर्मात्या बंधूंचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु रुग्णाच्या एका मात्रेवर त्याचा भार अल्प पडेल, आणि कीड लागलेला, कोवळा माल निवडून टाकण्यात आज जे जाते तेही हिशेबात धरावे. झाडेच संपली तर स्वस्त भाव कोणत्या मालाचा मागावयाचा? येत्या वार्षिक सभेत या विषयावर चर्चा व्हावी, अशी आमची विनंती आहे.